तुम्ही विचारलंत म्हणून: चिंपांझीचा फोटो कुठंय?

तीन वर्षं युगांडात, बुडोंगोच्या जंगलाला खेटून राहिलात आणि एक फोटो नाही? गावी आलो की हा प्रश्न ठरलेला. आत अंधार फार असतो, असं सांगून आजवर सुटलो. असतोही. पण त्या रविवारी चांगलं ऊन होतं.

मी तिथल्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होतो. इथं करायचो तेच: ऊस लावा म्हणून लोकांच्या मागं लागायचं. जंगल मी तोडलेलं नाही. झाडी ज्यानं त्यानं आपल्या जमिनीतली काढली. उसाच्या नोंदी तेवढ्या मी घेतल्या.

जंगलातल्या चिंपांझी संशोधन केंद्राचं नाव काढलं की तुम्हाला गोरे शास्त्रज्ञ आठवतात. व्हर्नन रेनॉल्ड्स यांनी १९९० मध्ये तिथलं काम सुरू केलं, खरंय. पण चिंपांझींच्या सोन्सो गटाची माणसाबद्दलची भीती मोडावी म्हणून वर्षानुवर्षं मागं हिंडली ती आसपासच्या गावची माणसं. चिंपांझी घरट्यातून उतरायच्या आत झाडाखाली हजर. कुणी काय खाल्लं, कोण कुणाजवळ बसलं, सगळं टिपायचं. काहींचं काम नुसतं शिकारीच्या तारेच्या फासक्या काढायचं.

त्या रविवारी त्यांतल्याच एकाबरोबर गेलो. आपली सर्दी चिंपांझींच्या जिवावर उठते, म्हणून त्यानं मला मास्क लावायला लावला. तीन तासांत चार फासक्या. लावतात रानडुकराला, छोट्या हरणाला. आपल्याकडे त्यात बिबट्या सापडतो, तिथं चिंपांझीचा हात. तो हिसका मारून तार तोडतो, पण ती मनगटात रुतत जाते आणि पंजा झडतो. सोन्सोतल्या मोठ्यांत तीन-चारांमागे एक तरी असा.

चौथ्या तारेची गाठ तो बघतच राहिला. "धाकट्या भावाची आहे," म्हणाला. वहीत जागा लिहिली. नाव नाही.

मी तापलो. पगार कशाचा घेतोस, इथपर्यंत बोललो.

"पगार मला आहे, ब्वाना. त्याच्या अर्ध्या रानात तुमचा ऊस आहे. उरलेल्यातला कसावा डुकरं खातात."

पुढं रानउंबरावर एक मादी दिसली. पोटाशी पोर, उजवा पंजा नाही. मी फोन काढला.

"घ्या," तो म्हणाला, "पण तो हात येऊ द्या."

फोन खिशात गेला. तेव्हा वाटलं, आपण तिची लाज राखली. कसली लाज! फोटोत हात आला असता तर तुम्ही तारेचं विचारलं असतंत, मग डुकरांचं, मग उसाचं. भावाचं नाव मी केंद्रात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं सकाळी वाटतं; रात्री वाटतं, मी कोण सांगणारा? त्या दिवशी परतल्यावर नोंदवही काढली. त्या भावाची नोंद माझ्याच अक्षरात होती.

पुढच्या हंगामात त्याची तोड मीच लावली. टनेज चांगलं पडलं.