इंटरकॉमच्या पलीकडचे पात्र

महाविद्यालयात नाट्यास्वाद शिकवणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकाला वर्षातून काही वेळा परीक्षक म्हणून एकांकिका स्पर्धांना जावे लागते, आणि मी ते काम अध्यापनाइतकेच मनापासून करतो, कारण आज मराठीत नवे नाट्यलेखन सर्वांत आधी कुठे वाचायला आणि पाहायला मिळत असेल, तर ते या स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्यांमध्येच. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडकाने जी परंपरा उभी केली आणि पुढे गावोगावच्या स्पर्धांनी जी आपापल्या परीने चालवली, तिच्यातून मराठी रंगभूमीला किती लेखक, नट आणि दिग्दर्शक मिळाले, हे नाटकवाल्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. येथे सांगायचे आहे ते कोल्हापुरात पार पडलेल्या एका प्राथमिक फेरीतील एका दिवसाविषयी, किंबहुना त्या दिवशी दुपारच्या सत्रात सादर झालेल्या, जेमतेम अर्ध्या तासाच्या एका एकांकिकेविषयी.

परीक्षक आम्ही तिघे होतो. एक ज्येष्ठ अभिनेते होते, ज्यांनी व्यावसायिक आणि प्रायोगिक अशा दोन्ही रंगभूमींवर उमेदीची वर्षे घालवली आहेत. दुसऱ्या बाई प्रकाशयोजना करतात. आणि तिसरा मी. सकाळपासून लेव्हल्स, चौकटी, कापडी झाडे, धूर आणि शेवटच्या पाच मिनिटांत चढत जाणारे पार्श्वसंगीत असे सगळे पाहून झाले होते. त्यातही दोन-तीन संघांचे काम चांगले होते. दुपारी पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर एक लोखंडी टेबल, एक स्टूल, एक जाड रजिस्टर, एक टॉर्च आणि भिंतीला लावलेला इंटरकॉमचा रिसीव्हर एवढेच होते. वर एकच पांढरी नळी लागलेली होती. हवालदाराच्या खाकीसारखा, पण खांद्यावर एजन्सीचा बिल्ला असलेला गणवेश घातलेला एक मुलगा स्टुलावर बसला होता, आणि संपूर्ण एकांकिकेत रंगमंचावर तो एकटाच राहिला.

गोष्ट इतकीच होती. पुण्यातील एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर रात्री नऊच्या सुमारास गावाकडून एक म्हातारा आलेला आहे. त्याला बी विंगमध्ये सातव्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या मुलीकडे जायचे आहे. रखवालदार इंटरकॉमवरून फ्लॅटमध्ये विचारतो, आणि पलीकडून परवानगी मिळत नाही. म्हातारा आपल्याला दिसत नाही, मुलीचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. दोघांमधला जो काही व्यवहार आहे, तो या एका माणसाच्या तोंडून आणि डोळ्यांतून आपल्यापर्यंत पोहोचतो.

फोनवर तो मुलगा नोकरीत शिकलेली भाषा बोलत होता. "मॅडम, गेटवरून बोलतोय. आपल्याकडे व्हिजिटर आहेत. नाव... आण्णा म्हणून सांगा म्हणतायत." मग तो ऐकत राहिला, "बरं मॅडम" म्हणाला, रिसीव्हर जागेवर अडकवला आणि म्हाताऱ्याकडे वळून आपल्या बोलीत म्हणाला, "पोराला झोपवाय लागल्यात म्हनं. पाच मिंटं टेका जरा." या दोन वाक्यांच्या मध्ये त्याने जो वेळ घेतला, तेवढ्यात सभागृहाला कळून चुकले की पलीकडून पोराला झोपवण्याविषयी कोणीही काही बोललेले नाही. तिथून पुढे प्रत्येक फोननंतर तो म्हाताऱ्यासाठी एक नवीन, मऊ खोटे तयार करत होता, आणि फोनवर मुलीसाठी म्हाताऱ्याचे बोलणे थोडे अदबीचे करून सांगत होता. म्हाताऱ्याने जाता जाता शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली असावी, कारण त्याने रजिस्टर उचलून जागा करून दिली. म्हातारा पायरीवर बसला, हेही आम्हाला कळले ते त्याची नजर हळूहळू दीड-दोन फूट खाली उतरली म्हणून. यानंतर शेवटपर्यंत ती नजर त्याच उंचीवर राहिली, एकदाही चुकली नाही. तालमीत तिथे नक्की कोणाला तरी बसवलेले असणार, असे मी त्या वेळी कागदावर लिहून ठेवले.

मधे त्याने रजिस्टर उघडले. नाव, गाव, कोणाकडे, येण्याची वेळ असे रकाने भरताना त्याने प्रत्येक रकाना मोठ्याने वाचला आणि "काम" या रकान्यावर पेन थांबवून विचारले, "कामाच्या जागी काय लिहू, आण्णा?" उत्तर काय आले ते आम्हाला कळले नाही. त्याने काही लिहिलेही नाही. रजिस्टर फिरवून सहीसाठी पुढे केले, आणि मग लगेच स्वतःच शाईचा पॅड शोधू लागला.

तिसऱ्या फोनवर एकांकिका तिच्या सर्वांत कठीण जागी आली. "मॅडम, ते बसलेत अजून," एवढे म्हणून तो थांबला. नंतर बराच वेळ काहीच नाही. "मॅडम? ऐकताय ना?" पुन्हा काही नाही. त्याने रिसीव्हर कानापासून किंचित दूर नेला, पुन्हा कानाला लावला, आणि बाहेर कोणा गाडीचा हॉर्न वाजला तसा डाव्या हाताने फाटक उघडण्याचा दांडा ओढला. रिसीव्हर मात्र त्याने कानापासून हलू दिला नाही. मग तो शांतपणे जागेवर ठेवून म्हाताऱ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या सकाळी या म्हनल्यात."

मध्यंतरात आम्ही गुणपत्रिका समोर घेऊन बसलो, तेव्हा ज्येष्ठ अभिनेत्यांनी पहिलाच मुद्दा काढला की ही एकपात्री आहे आणि म्हणून एकांकिका स्पर्धेत तिला जागा नाही. संयोजकांची नियमावली मागवून पाहिली, तर कालमर्यादा, नव्या संहितेची अट, तांत्रिक मदतीची मर्यादा हे सगळे तीत होते, पात्रांच्या संख्येविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. तरीही त्यांचा आक्षेप केवळ नियमाचा नव्हता, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे मला महत्त्वाचे वाटले.

आपल्याकडे एक माणूस रंगमंचावर आला की आपण त्याला सरसकट एकाच खणात टाकतो, आणि त्यामुळे आस्वादाची पहिली पायरीच निसटते. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे उभे राहून 52 पात्रे करत, तेव्हा प्रेक्षक त्या नटाची चपळाई आणि निरीक्षण यांना दाद देत असे, आणि ती दाद रास्तच होती. 'नटसम्राट'मधील बेलवलकरांची स्वगते वेगळी. तिथे माणूस स्वतःशी, दैवाशी, प्रसंगी साऱ्या जगाशी बोलतो. सुषमा देशपांडे 1989 पासून 'व्हय मी सावित्रीबाई' करत आल्या, त्यात सावित्रीबाई समोरच्या प्रेक्षकांशी थेट बोलतात, म्हणजे श्रोता म्हणून लेखिकेने आपल्यालाच नेमलेले असते. आणि चौथा प्रकार तो, ज्यात पात्र कोणा विशिष्ट, पण न दिसणाऱ्या माणसाशी बोलते. या चौथ्या प्रकारात श्रोता हेच दुसरे पात्र असते. ते दिसत नाही म्हणून नाटकातला संघर्ष कमी होत नाही. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी'त दोनच पात्रे आहेत, म्हणून त्यातला समाज काही लहान होत नाही. तसेच हे आहे. आमच्यासमोर झालेल्या एकांकिकेत मी तीन पात्रे पाहिली, असे मी म्हणालो, आणि ते मी युक्तिवाद म्हणून म्हणालो नव्हतो.

याच बोलण्यात प्रकाशयोजनाकार बाईंनी सहज विचारले, "तिसऱ्या फोनला ती नक्की काय म्हणाली हो?" मी त्यांना विचारले की तुम्हाला काय ऐकू आले. त्या म्हणाल्या की मुलगी रडत होती आणि म्हणूनच बोलू शकत नव्हती. रखवालदाराने रिसीव्हर कानापासून दूर नेला तो रडणे ऐकवेना म्हणून. ज्येष्ठ अभिनेत्यांना याचे आश्चर्य वाटले, कारण त्यांच्या मते तिने सरळ "हाकलून द्या त्यांना" असे सांगितले होते, आणि मुलाचा सारा अभिनय त्या वाक्याचा धक्का पचवण्याचा होता. मला यातले काहीच वाटले नव्हते. तिने म्हाताऱ्याची तब्येत कशी दिसते, असे विचारले असावे आणि रखवालदाराला खरे सांगवेना, अशी माझी समजूत झालेली होती, इतकी पक्की की मी ते माझ्या टिपणात प्रश्नचिन्हाशिवाय लिहिले होते.

तीन परीक्षकांनी एकाच सभागृहात, एकाच ओळीत बसून, एकाच शांततेत तीन वेगवेगळी वाक्ये ऐकली होती. इतकी वर्षे नाटके पाहणारी आम्ही माणसे क्षणभर एकमेकांकडे पाहतच राहिलो. आम्ही लगेच संहिता मागवली. त्या जागी छापील पानावर फक्त "मॅडम? ऐकताय ना?" एवढेच होते, वर-खाली कोणतीही रंगसूचना नव्हती. आजचे अनेक नाटककार अशा जागा हेतुपुरस्सर मोकळ्या सोडतात. 2012 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलेल्या कॅरिल चर्चिल यांच्या 'लव्ह अँड इन्फर्मेशन'मध्ये पन्नासहून अधिक छोटे प्रवेश आहेत आणि कोणते वाक्य कोणाचे हे लेखिकेने सांगितलेलेच नाही. ते ठरवण्याचे काम तिने नाटक करणाऱ्यांवर सोपवले आहे. पण जागा मोकळी सोडणे आणि जागा रिकामी राहून जाणे यांत फार अंतर असते, आणि या विद्यार्थ्यांनी यांतले काय केले होते, हे संहितेवरून ठरवता येत नव्हते.

निकालानंतर संघांशी बोलण्याची वेळ आली, तेव्हा मी तो प्रश्न त्यांना विचारला. लेखन करणारा मुलगा वाणिज्य शाखेत शिकणारा होता, अत्यंत संकोची. त्याने सांगितले की पहिल्या खर्ड्यात मुलीचे सगळे संवाद पूर्ण लिहिलेले होते. तालमीच्या सुरुवातीला त्यांच्या संघातील एक मुलगी विंगेत उभी राहून ते संवाद वाचत असे आणि दुसरा एक जण म्हातारा म्हणून पायरीवर बसत असे. काही दिवसांनी आधी म्हाताऱ्याला उठवले, मग विंगेतला आवाज बंद केला. नटाला दोन्ही पाठ झालेले होते, त्यामुळे तो आजही ते ऐकून मगच बोलतो.

"आणि तिसऱ्या फोनला?" ज्येष्ठ अभिनेत्यांनी विचारले.

"तिथं ती काहीच बोलत नाही, सर," नट म्हणाला. "पहिल्यापासूनच तिथं वाक्य नव्हतं. विंगेतली मुलगी नुसती उभी राहायची. मला फक्त एवढंच माहीत असतं, की तिनं फोन ठेवलेला नाही."

ज्येष्ठ अभिनेते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी त्या मुलाला तो प्रसंग तिथल्या तिथे, गणवेशाशिवाय, खुर्चीवर बसून पुन्हा करायला लावला. त्याने केला. आता आम्हाला उत्तर माहीत होते, तरी शांतता तेवढीच भरलेली होती. फरक इतकाच की या वेळी मला त्या मुलीचा राग आला नाही आणि कीवही आली नाही, ती फोन धरून उभी आहे एवढेच दिसत राहिले. तो मुलगा कुठलाही भाव चेहऱ्यावर आणत नव्हता. तो खरोखर ऐकत होता, आणि ऐकण्याचा अभिनय करणे व ऐकणे यांतला फरक इतक्या जवळून पाहायला मिळणे ही माझ्या कामातली फार मोठी मिळकत आहे, असे मी मानतो. वर्गात एकांकिका शिकवताना आम्ही कथानक, संघर्ष, उत्कर्षबिंदू असे शब्द वापरतो आणि विद्यार्थी ते परीक्षेत लिहितात. पण बोलणारे पात्र कोणाशी बोलते आहे, आणि त्या माणसाने नुकतेच काय म्हटले म्हणून हे वाक्य आले, हे विचारले की संहितेचे पान एकदम वेगळे दिसू लागते. संवादांच्या मधल्या कोऱ्या जागेत काय आहे हे शोधण्याचा तो सर्वांत सरळ रस्ता आहे.

संघ अंतिम फेरीसाठी निवडला गेला. त्याविषयी आमच्यात शेवटी मतभेद उरला नाही. ज्येष्ठ अभिनेत्यांनी तर अभिनयाचे सर्वाधिक गुण त्याच मुलाला दिले होते, अगदी आक्षेप घेत असतानाही, हे गुणपत्रिका एकत्र केल्यावर समजले. त्यांच्या या सचोटीचा मला मनापासून आदर वाटतो.

सूचना मी दोन केल्या. शेवटच्या तीन मिनिटांत त्यांनी बासरीचे सूर वापरले होते, ते काढून टाकावेत, कारण एवढे सगळे प्रेक्षकावर विश्वासाने सोपवून झाल्यावर आता दुःखी व्हा असे त्याला संगीताने सांगण्याचे कारण नव्हते. हे त्यांनी तत्काळ मान्य केले. दिग्दर्शन करणारी मुलगी म्हणाली की तिला स्वतःलाही ते खटकत होते, पण बासरी वाजवणारा मित्र मेहनत घेत होता. दुसरी सूचना अशी होती की तिसऱ्या फोनच्या वेळचा गाडीचा हॉर्न काढावा, म्हणजे शांतता अखंड राहील. यावर मात्र ती ठाम राहिली. रखवालदाराला ऐकण्याची फुरसत कोणी देत नाही, तो ऐकत असतानाच त्याला फाटक उघडावे लागते, आणि तो एका हाताने दांडा ओढतो पण रिसीव्हर सोडत नाही, एवढ्यावरूनच तो त्या बापलेकींच्या बाजूने आहे हे कळते, असे तिचे म्हणणे होते. प्रकाशयोजनाकार बाईंनी तिला दुजोरा दिला आणि हॉर्नच्या आधी गाडीच्या दिव्यांचा झोत टेबलावरून फिरवायचा असेल तर तो किती सावकाश फिरवावा, हे तिला तिथेच उभे राहून समजावून सांगितले. मुलीचे म्हणणे मला पटले. अंतिम फेरीत बासरी नव्हती, हॉर्न होता.