जाड बाजू कानाकडे

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा मी एका जुन्या स्टिरिओस्कोपची, म्हणजे दोन चित्रांतून एकच खोल दृश्य दाखवणाऱ्या यंत्राची, निखळलेली मधली फळी सरसाने चिकटवत बसलो होतो. सरसाच्या त्या उग्र वासासरशी भूगोलाचे सर आठवले, आणि खरे सांगायचे तर शाळेविषयी लिहिण्यासारखे त्यांच्याशिवाय माझ्यापाशी फारसे काही नाही.

भूगोलाच्या खोलीतले तसलेच लाकडी यंत्र माझ्या पिढीच्या सर्वांना आठवत असेल. सात इंच लांबीच्या कार्डावर जवळजवळ सारखीच दोन छायाचित्रे असत आणि भिंगांतून पाहताच ती एक होऊन बनारसचा घाट खोल होत जाई. बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1861 च्या सुमारास हा नमुना तयार केला आणि मुद्दामच त्याचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे तो कितीतरी कारखान्यांनी आपापल्या मापाने बनवला, आणि त्यामुळेच एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसतीलच असे नसते.

नववीत असताना ते यंत्र माझ्या हातून पडले व एक भिंग तडकले. सर रागावले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी जुन्या बाजारातून वाळवीने खाल्लेला, पण भिंगे शाबूत असलेला दुसरा स्टिरिओस्कोप आणला. दोन्ही भिंगांची ताकद सारखीच हवी, म्हणून जोडीच बदलायची, एवढे सांगून त्यांनी काम माझ्यावर सोपवले. कार्ड धरणारी तुटकी तार मी छत्रीच्या काडीची केली, आणि भिंगे मोठ्या ऐटीत बसवली.

“छान. आता बघ,” सर म्हणाले.

मधली सुट्टी संपेपर्यंत मी पाहत राहिलो. घाट दोनच राहिले आणि कपाळ मात्र ठणकू लागले. मग सरांनी भिंगाच्या कडेवरून माझे बोट फिरवले. कडा एका बाजूला जाड होती, दुसऱ्या बाजूला पातळ. “जाड बाजू कानाकडे, पातळ नाकाकडे,” ते म्हणाले. दोन चित्रांमधले अंतर आपल्या डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त असते. ती तफावत भिंगाचा हा पाचरीसारखा आकार भरून काढतो. मी भिंगे उलटी बसवली होती, हे सरांनी पहिल्या क्षणीच ओळखले असणार.

फळीला सरसच लावायचा, हाही त्यांचाच दंडक होता, कारण गरम पाण्याने तो सुटतो आणि पुढे कोणाला तरी यंत्र उघडावे लागणारच असते. निवृत्तीनंतर मी साठाहून अधिक यंत्रे दुरुस्त केली. त्यांत व्ह्यू-मास्टरही आले, म्हणजे गोल चकतीवरची चित्रे तशीच खोल दाखवणारी छोटी यंत्रे. जुन्या व्ह्यू-मास्टरचे बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळचे कडक प्लास्टिक, तापवून सांधता येत नाही, तेव्हा फुटलेल्याच्या स्प्रिंगा आणि भिंगे काढून दुसऱ्याला लावतो. काही यंत्रे संग्राहकांकडे परदेशी गेली, याचा थोडा अभिमानही आहे.

मागच्या वर्षी शाळेत आलो तेव्हा भूगोलाच्या खोलीत संगणक होते. यंत्राचे कपाट भंगारात गेल्याचे शिपाईमामांनी सांगितले. संगणक हवेतच, पण कपाट काढताना कोणी आत डोकावून पाहिले असते तर बरे झाले असते.

सरांनी निरोप घेताना मला दिलेला तो वाळवीचा सांगाडा मी नव्या सागवानात उभा केला आहे. शाळेतल्या यंत्राची भिंगे गेली ती गेलीच, म्हणून त्यात दुसरी जोडी बसवली आणि भिंगांच्या मागे पेन्सिलीने ‘कान’ आणि ‘नाक’ असे लिहून ठेवले. तो मी शाळेला देत आहे. कार्डे मात्र बाराच मिळाली; उरलेली कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी असतील तर ती आणून द्यावीत, आणि ती बाकदार दिसली तरी दाबून सपाट करू नयेत. ती मुळातच तशी असतात.