कलास्वातंत्र्याचा ठराव आणि सहा टक्क्यांचा घाट

आधीच सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नेशनस्टेट्स हा ऑनलाइन खेळ आहे, त्यात प्रत्येक खेळाडू आपला एक देश चालवतो. त्याच्या वर्ल्ड असेंब्लीत, म्हणजे खेळातल्या संयुक्त राष्ट्रांत, ठराव मंजूर करून घेताना मतदान अवघड नाही, मतदानापर्यंत पोचणं अवघड आहे. "विषय चांगला आहे, आपोआप जाईल," असं एका जुन्या खेळाडूने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. आपोआप काहीही जात नाही. पहिल्या खेपेला माझा प्रस्ताव मुदत संपून यादीतून गळाला. दुसऱ्या खेपेला पोचले, पण त्यासाठी तीन रात्री जागावं लागलं.

देश कसा सुरू करायचा, सभासद कसं व्हायचं हे इथे सांगत बसत नाही. निदान दोन एन्डोर्समेंट (आपल्या प्रदेशातल्या इतर सभासद देशांचा पाठिंबा) गाठीशी हव्यात, नाहीतर प्रस्ताव दाखलच होत नाही. मसुदा इंग्रजीतच लिहायचा. तो चार-पाच वेळा मोडून पुन्हा लिहायची तयारी नसेल तर निघू नका.

मी का निघाले ते थोडक्यात. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे. महाराष्ट्रात प्रयोग लावायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. नाटकावर सरकारची नजर तर इंग्रजांच्या 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्यापासूनची. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1910 मध्ये बंद केलं ते त्याच कायद्याने. तेव्हा निदान या खेळातल्या जगात तरी कलाकृती लोकांसमोर येण्याआधी सरकारने ती तपासू नये, एवढं एक कलम मला हवं होतं. बाकी सगळं त्याच्याभोवती उभं केलं.

मात्र यातलं एक अक्षरही मसुद्यात चालत नाही. खऱ्या जगाचा उल्लेख आला की प्रस्ताव नियमबाह्य. महाराष्ट्र नाही, 1876 नाही, खाडिलकर नाहीत. "माणूस" हा शब्दसुद्धा जपून वापरा. काही सभासद देशांचे रहिवासी माणसं नाहीतच, आणि कायदा त्यांनाही लागू व्हायला हवा. आधीच्या ठरावाच्या आधारावर आपला ठराव उभा करू नका. तो आधीचा रद्द झाला की आपलाही कोसळेल, म्हणून तेही नियमबाह्य. एकदा मंजूर झालेल्या ठरावात दुरुस्ती होत नाही, पूर्ण रद्द करून नवा आणावा लागतो. त्यामुळे दाखल करण्याआधी स्वल्पविरामसुद्धा तपासा. प्रवर्ग 'एज्युकेशन अँड क्रिएटिव्हिटी', त्यात 'आर्टिस्टिक'. यात घोटाळा केलात तर मजकूर कितीही उत्तम असो, बाद.

मसुद्यात मी सर्वात जास्त ठेचकाळले ती दोन शब्दांपाशी. आपल्या राज्यघटनेच्या कलम 19(2) मधून मी विश्वासाने "वाजवी निर्बंध" उचलले होते. मसुद्यावरच्या चर्चेत लोकांनी विचारलं, वाजवी कोण ठरवणार? तेच सरकार ना, ज्याच्यापासून चित्रकाराला वाचवायचंय? उत्तर नव्हतं माझ्याकडे. मग तो शब्द काढून अपवाद एकेक करून लिहिले: हिंसेला थेट चिथावणी, एखाद्या व्यक्तीची बदनामी, मुलांवरच्या अत्याचाराचं चित्रण, लष्करी गुपितं. खासगी गॅलरीवर कुणाचंही चित्र लावण्याची सक्ती नाही, सरकारने प्रत्येकाला अनुदान द्यावं असंही नाही. ही शेवटची दोन वाक्यं नसती तर निम्मे लोक विरोधात गेले असते. अपवाद नावानिशी लिहा. मोघम शब्द म्हणजे कुंपणाला पाडलेलं भगदाड.

आता घाट. प्रस्ताव मतदानाला यायचा तर एकूण प्रादेशिक डेलिगेट्सपैकी सहा टक्क्यांची मान्यता लागते, तीही मुदतीत. डेलिगेट म्हणजे आपल्या प्रदेशात सर्वात जास्त एन्डोर्समेंट मिळालेला देश. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण कित्येक डेलिगेट्स दिवसेंदिवस फिरकत नाहीत, उरलेल्यांतले बरेच प्रस्तावांचं पान उघडत नाहीत. त्यात दिलेली मान्यता काढून घेता येते, आणि डेलिगेटचं पद गेलं की त्याची मान्यताही गेली. दुसऱ्या रात्री माझ्या पानावर "आणखी 9 मान्यता हव्यात" असं होतं. डोळे मिटून उघडले, पहाटे चार वाजता 11. रडू आलं मला.

त्याच जुन्या खेळाडूने आणखी एक सल्ला दिला होता: टेलिग्राम, म्हणजे खेळातले निरोप, सरसकट पाठवायचे स्टॅम्प विकत घे, त्याशिवाय कोरम, म्हणजे हव्या तेवढ्या मान्यता, होत नाही. स्टॅम्पला खरे पैसे पडतात. पहिल्या खेपेला मी घेतले, सगळ्या डेलिगेट्सना एकच मजकूर पाठवला आणि प्रस्ताव पडला. स्टॅम्प घेऊ नका, हा माझा ठाम सल्ला. सरसकट आलेला मजकूर लोक न वाचता पुसतात, कित्येकांनी असे टेलिग्राम बंदच करून ठेवलेत.

दुसऱ्या खेपेला केलं ते असं. प्रत्येक प्रस्तावाखाली त्याला मान्यता देणाऱ्या डेलिगेट्सची नावं दिसतात. त्या आठवड्यात यादीत असलेल्या इतर प्रस्तावांखालची नावं मी वहीत उतरवली. ही माणसं पान उघडतात, एवढं तर नक्की. त्यांना हाताने लिहिलं, दोन-तीन ओळी, प्रत्येकाला वेगळ्या. "पूर्वतपासणी नको, अपवाद नेमके आहेत, अनुदानाची सक्ती नाही." बस. तीन ओळींच्या पुढे गेलात की उत्तर येत नाही.

खेळ दिवसातून दोनदा आपले हिशेब ताजे करतो, त्याला अपडेट म्हणतात. त्याच्या वेळा पाठ करा. मोठं अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊला, अमेरिकेतला उन्हाळा संपला की साडेदहाला. छोटं बारा तासांनी. त्या क्षणी कोरम असेल तरच खरं. म्हणून हव्यात त्यापेक्षा दहा-बारा मान्यता जास्त गोळा करा. तिसऱ्या सकाळी मी चहा तसाच ठेवून आकड्याकडे बघत बसले होते. आई म्हणाली, "अगं, कुणाचा निकाल आहे का आज?" होताच.

मतदान चार दिवस चाललं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पहिल्या काही तासांत मोठ्या प्रदेशांच्या डेलिगेट्सना गाठा. त्यांच्या एका मतामागे त्यांच्या साऱ्या एन्डोर्समेंटचं वजन असतं, आणि आकडा एकदा बाजूने झुकला की पुढचे लोक तिकडेच जातात. पॅसिफिक नावाच्या पाच प्रदेशांत नवे देश जन्माला येतात, सुरुवात तिथून करा.

ठराव मंजूर झाला. सगळ्या सभासद देशांना अंमलबजावणीचा टेलिग्राम गेला, माझ्याही देशाला आला. मी तो मोठ्याने वाचला, पूर्वतपासणीचं कलम दोनदा. ग्रुपवर टाकला तेव्हा आमच्या दिग्दर्शक काकांनी एवढंच विचारलं, "आपल्याकडे कधी?"

दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तो रद्द करण्याचा मसुदा चर्चेला मांडलाय. कलम चारमध्ये "सार्वजनिक जागा" म्हणजे काय ते मी लिहिलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा आहे आणि तो बरोबर आहे. तुम्ही लिहाल तेव्हा ती व्याख्या आधी लिहा. ज्यांनी मान्यता दिली त्यांची नावं मात्र माझ्या वहीत आहेत, आज रात्री पुन्हा लिहायला बसतेय.