दहा मिनिटांचा वाघ: थायलंडमध्ये वाघाला हात लावायला निघालात, त्याआधी

निकाल आधीच सांगून टाकतो: जाऊ नका. हे वाचूनही जाणारच असाल (मीही असंच काहीबाही वाचून गेलो होतो), तर निदान तीन गोष्टी टाळा. हॉटेलच्या काउंटरवरून बुकिंग करू नका, सगळ्यात लहान बछड्यांचं तिकीट काढू नका, आणि रात्रभर बसमध्ये अंग आंबवून सकाळी थेट वाघाच्या पिंजऱ्यात शिरू नका. आम्ही तिन्ही केलं.

जागेचं नाव देत नाही. थायलंडमध्ये असल्या जागा एकापेक्षा जास्त आहेत आणि मला कुणा एकाशी भांडायचं नाही. बारा दिवसांच्या सहलीतले बाकीचे अकरा दिवस झकास गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. देवळं पाहिली, समुद्र पाहिला, भरपूर चाललो.

आता पैसे. काउंटरवरच्या बाईंनी माणशी ११०० बाथ (थायलंडचं चलन) घेतले. "सगळे वाघ, गाडी धरून," असं तीनदा सांगितलं आणि पावतीच्या मागे पेनाने एक मोठा आणि एक छोटा वाघ काढूनही दाखवला. ती पावती मी जपून ठेवली आहे. गेटवर पोहोचलो तर भिंतीवर भलामोठा फलक: अगदी लहान, लहान, मध्यम, मोठा. टीशर्टच्या दुकानात मापं लावतात तसा. प्रत्येक मापाचा भाव वेगळा आणि सगळ्यात लहान वाघ सगळ्यात महाग. आमच्या पावतीत फक्त मोठा वाघ होता, त्याचा फलकावरचा भाव ८००. म्हणजे ३०० गाडीचे, ते ठीक. बछड्यांचे माणशी १२०० वेगळे.

मी मागे फिरणार होतो. मावसभाऊ म्हणाला, "दादा, एवढ्या लांब आलोय. बछडं न बघता जायचं?" रात्रभर झोप नसलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. २४०० गेले. मग कळलं की बछड्यांच्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही, फोटो हवे असतील तर त्यांचा फोटोग्राफर, ६०० बाथ. रांगेत दोन तास मोडले म्हणून परतताना ड्रायव्हरने थांबण्याचे ३०० मागितले. २२००, २४००, ६००, ३००: दोघांचे मिळून ५५००. बाथला ढोबळ अडीच रुपये धरा, पावणेचौदा हजार. प्रत्यक्ष वाघाजवळ किती वेळ? दहा मिनिटं मोठ्याजवळ, दहा बछड्यांजवळ. मिनिटाला २७५ बाथ. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो म्हणतात, इथे वाघाला तोंड उघडायचीही गरज पडली नाही.

रांगेतच एक माफीपत्र सहीला देतात: काही झालं तर जबाबदारी तुमची. वाचून सही करा. आणि घरून निघण्यापूर्वी प्रवास विम्यात प्राण्यांबद्दलचं कलम काय म्हणतं ते पाहून ठेवा, तिथे रांगेत उभं राहून ते सापडत नाही.

मोठ्याच्या पिंजऱ्यात पाच-सहा जणांची तुकडी सोडतात. चपला बाहेर, पिशवी बाहेर, गॉगल-टोपी बाहेर, लोंबणारी ओढणी किंवा पट्टा नको. आत चार पोरं, एकसारखे शर्ट, प्रत्येकाच्या हातात दीड-दोन हात लांबीची बांबूची काडी. नियम हीच पोरं सांगतात. समोरून जायचं नाही, नेहमी मागच्या बाजूने. डोक्याला आणि पुढच्या पंजांना हात नाही. हात ठेवायचा तो दाबून ठेवायचा, हळुवार फिरवला तर त्याला माशी बसल्यासारखं वाटतं. आणि उकिडवं बसायचं नाही. हा शेवटचा नियम गंमत म्हणून सांगत नाहीत. मे २०२५ मध्ये फुकेतला एका भारतीय पर्यटकावर वाघ उलटला, ते चित्रीकरण तुमच्याही मोबाईलवर आलं असेल. तो वाघाबरोबर चालत होता, फोटोसाठी खाली वाकला आणि त्याच क्षणी वाघ फिरला. उभा माणूस वाघाला जेवढा मोठा दिसतो तेवढा बसलेला दिसत नाही.

खोटं कशाला सांगू, हात ठेवला तेव्हा मी सगळा हिशेब विसरलो. वाघाचे केस मऊ नसतात. काथ्याच्या पायपुसण्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं, आणि त्याखाली काहीतरी गरम, जड, संथपणे वरखाली होत असतं. एक श्वास संपायला इतका वेळ लागतो की आपला आपोआप थांबतो. सांभाळणाऱ्या पोराने नाकातून घोड्यासारखं फुरफुर केलं, वाघानेही तसंच उत्तर दिलं. ही वाघांची ओळखीची, गोडीची भाषा. एका हातात काडी आणि दुसऱ्या हाताने तो कानामागे खाजवत होता. त्या पोराचा जीव त्या जनावरावर आहे याबद्दल मला शंका नाही. त्याने माझ्या तक्रारीत काही फरक पडत नाही.

मग सातव्या-आठव्या मिनिटाला वाघाने मान वर केली. बाजूच्या पिंजऱ्यात काहीतरी आपटलं होतं. त्याचे कान फिरले आणि कानांमागचे पांढरे ठिपके समोरून दिसायला लागले. इथे सगळ्यांनी लक्ष द्या: वाघाच्या समोर असताना कानांमागचे ते ठिपके तुम्हाला दिसत असतील, तर तो रागात आहे. शेपटीचं टोक फटके मारायला लागलं की तेही तेच. एका पोराने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं, दुसऱ्याने नाकाच्या शेंड्यावर काडी टेकवली, मारली नाही, नुसती टेकवली, आणि तिसऱ्याने झावळीचा गुच्छ लांब फेकला. वाघ तिकडे बघायला लागला. सगळं मिळून चार सेकंद. भाऊ फोटोसाठी हसतच होता, त्याला पत्ताच नाही. माझे पाय मात्र नंतर तासभर माझे नव्हते, आणि पुढचं जे लिहितोय त्यात त्या पायांचाही थोडा हात आहे.

ती काडी मी नंतर नीट पाहिली. करंगळीएवढी जाड. दीडशे किलोच्या जनावराला तिने काय होणार? ती काडी आठवणीवर चालते. लहानपणी तिचा अर्थ शिकवलेला असतो तोवर चालते. दिवस उन्हाचा, पोट भरलेलं, तान्हेपणापासून माणसाच्या हातून दूध प्यालेलं आणि मुळात संध्याकाळी-रात्री फिरणारं जनावर: ते दुपारी लोळतच पडणार. "गुंगीचं औषध देतात का हो?" हे सगळे विचारतात, तिथला माणूस छातीवर हात ठेवून नाही म्हणतो आणि लोक खूश होऊन आत जातात. प्रश्नच चुकीचा आहे. औषधाशिवायही एवढा शांत वाघ मिळतो, पण तो मिळवायला सुरुवात बछड्यांच्या खोलीपासून करावी लागते.

त्या खोलीबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. फरशी, पंखा, गाद्या, तीन बछडी. आमच्या आधीची तुकडी बाहेर पडली तशी आम्ही आत, म्हणजे तासाला सहा तुकड्या आणि बछडी तीच. त्यातलं एक सारखं कोपऱ्यात जाऊन अंग चोरून झोपत होतं. पोरगी त्याला मागच्या पायाला धरून ओढत आणायची, तोंडात बाटली द्यायची आणि आमच्या मांडीवर ठेवायची. बाटली संपली की ते पुन्हा कोपऱ्यात. दहा मिनिटांत पाच वेळा. फोटोत ते माझ्याकडे बघून जांभई देतंय असं दिसतं, सगळ्यांना तो फोटो फार आवडतो.

बाहेर येताना मी सहज विचारलं, एवढी लहान बछडी कोणत्या महिन्यात असतात? "वर्षभर असतात," गेटवरचा पोरगा अभिमानाने म्हणाला. गाडीत बसल्यावर ते डोक्यात शिरलं. जंगलात बछडी आईजवळ सुमारे दोन वर्षं राहतात आणि तोवर वाघीण पुन्हा वीत नाही. बछडी दोन-तीन आठवड्यांत काढून घेतली की ती लवकरच पुन्हा माजावर येते, आणि गर्भ साडेतीन महिन्यांचाच. गेटवर वर्षभर ताजी बछडी हवीत म्हणजे पाठीमागे कुठेतरी वेतामागून वेत चालू हवं. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून लोकांनी बछड्यांना हात लावणंच बंद केलं, त्यामागे हेच चक्र होतं.

पांढऱ्या वाघासाठी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे चला. ती वेगळी जात नाही. १९५१ साली रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या वाघापासून नात्यातल्या नात्यात जोड्या लावून वाढवलेला रंग आहे. म्हणून त्यांच्यात तिरळेपणा आणि बाकीची व्यंगं इतकी आढळतात.

आता पुन्हा तो फलक. अगदी लहान, लहान, मध्यम, मोठा. मोठा म्हणजे दोन-अडीच वर्षांचा. त्यापुढे वाघ माणसात सोडण्यासारखा राहत नाही. पिंजऱ्यातला वाघ पंधरा-वीस वर्षं जगतो. मग बाकीची बारा ते सतरा वर्षं? ते माप फलकावर नाही. स्वच्छतागृह शोधताना मी चुकून मागच्या बाजूला गेलो, तिथे ते होतं. ओळीने पिंजरे, खाली सिमेंट, आणि एक नर आठच्या आकड्यात फिरत होता. तेच वळण, त्याच जागी मान खाली, तेच वळण. मी चाळीसपर्यंत मोजलं. मग एक माणूस आला आणि हाताने जा म्हणाला.

थायलंडमधल्याच कांचनबुरीचं वाघांचं मंदिर आठवत असेल. बौद्ध भिक्षू, भगवी वस्त्रं, शेजारी वाघ, जगभर फोटो गाजले. २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान विभागाने तिथले १३७ वाघ बाहेर काढले, तेव्हा फ्रीझरमध्ये चाळीस बछड्यांची कलेवरं मिळाली. आधी नेलेले दहा धरून १४७ वाघ सरकारच्या ताब्यात आले, आणि २०१९ पर्यंत त्यातले ८६ मेले. सांगितलेली कारणं होती श्वासनलिकेच्या तोंडाचा पक्षाघात, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची लागण आणि जवळच्या नात्यातलं प्रजनन. जप्त करून वाघ सुटत नाही, हे मला त्या आकड्यांवरून कळलं. अशा वाघाला जंगलात सोडता येत नाही, शिकार शिकवणारी आईच त्याला मिळालेली नसते.

परतीच्या वाटेवर फेचाबुरी प्रांतातल्या वन्यजीव बचाव केंद्रात एक दिवस गेलो, बँकॉकपासून अडीच-तीन तासांवर. फुकेतचं प्राणिसंग्रहालय बंद पडल्यावर तिथले वाघ इकडेच आणले. इथे कुणी वाघाला हात लावत नाही, सांभाळणारेसुद्धा. दोन कप्पे, मध्ये दोरीने सरकणारं दार: वाघ एका कप्प्यात गेला, दार पडलं, मगच माणूस दुसऱ्यात झाडायला जातो. अशा पद्धतीत जाळीपलीकडून लांब काठीच्या टोकाचा गोळा दाखवतात, वाघाने नाक लावलं की चिमट्याने मांसाचा तुकडा. याच सवयीने तो पुढे कूस जाळीला लावून उभा राहतो आणि इंजेक्शन टोचून घेतो. इथेही काठीच, काम मात्र उलटं. दिवस निवांत गेला. वाघ अर्धा वेळ झुडपामागे होता, भाऊ कंटाळला.

उरलेलं पटकन. हट्टाने जायचंच असेल तर सकाळी गेट उघडताना पोहोचा, दुपारी रांग उन्हात असते. पाणी तुमच्याकडे असेलच, पायघोळ पँट घाला. थेट गेटवर तिकीट काढा, गाडी ॲपवरून जाण्यापुरती करा आणि परतीला दुसरी बोलवा. आत पोरं वाघाचं डोकं मांडीवर घ्यायला सुचवतील, त्याची बक्षिसी वेगळी असते आणि ती पोझ सगळ्यात वाईट जागी बसवते, सरळ नाही म्हणा. लहान मुलांना नेऊ नका, ती पळतात, आणि पळणाऱ्या गोष्टीकडे वाघ झोपेतूनही बघतो. आणि मागची बाजू दाखवा असं आधी म्हणा. दाखवत नसतील तर तिकीट काढायच्या आत गाडी वळवा, ते ३०० बाथ थांबण्याचेही वाचतील.

भावाच्या डीपीवर अजून तो जांभईचा फोटो आहे. काढ म्हणायला मी दोनदा फोन उचलला. पण त्यातल्या सहाशेपैकी तीनशे बाथ माझे होते.