पुराची पेटी

बुधवार, रात्रीचे साडेदहा

शूटिंगला भाड्यानं दिलेली कपड्यांची तीन गाठोडी आज परत आली. घेऊन आलेला पोरगा कौतुकानं म्हणाला, "ताई, सगळं धुऊन, स्टार्च मारून आणलंय बघा." गाठोडं सोडलं आणि मी मटकन खाली बसले. पुराची सहा धोतरं, बगळ्यासारखी पांढरी!

२०१९ च्या ऑगस्टात, कोल्हापूरच्या पुरात, शाहूपुरीतल्या आमच्या गाळ्यात कमरेइतकं पाणी होतं. तेव्हा स्टुडिओ म्हणजे आम्ही चौघं, आणि कपडेपट म्हणजे दोन पत्र्याच्या पेट्या, आईची शिलाई मशीन, चार फायबरच्या तलवारी. पाणी ओसरल्यावर पेट्या उघडल्या तर आत नुसता गाळ. किती धुतलं तरी घड्यांवरचे तांबूस डाग हटेनात. टाकवेनात म्हणून ठेवले. पुढं शेतकऱ्याच्या भूमिकेला त्यातलंच एक धोतर दिलं, तर कॅमेरामन म्हणाला, "हे कुठल्या गावातनं उचललंस?"

नवं कापड जुनं करण्यातच आमचा निम्मा दिवस जातो. पांढरंफेक कापड लाइटखाली डोळ्यात खुपतं म्हणून आधी चहाच्या पाण्यात बुडवायचं. कोपरांवर पॉलिश पेपर घासायचा. खिशात दगड घालून सदरा ओला टांगायचा, मग खिसा वर्षानुवर्षं वापरल्यासारखा लोंबतो. मारामारी असेल तर हेच तीनदा. पहिला सदरा रक्तात गेला की रिटेकला तसाच दुसरा लागतो.

आता मशिनी तीन झाल्यात, पोटमाळा आहे, नंबर टाकलेलं रजिस्टर आहे. तलवारीच्या मुठी उद्यमनगरात ओतून मिळतात. गणपती झाले की बापट कॅम्पातला कुंभार साचे करून देतो. मुंबईहून भाड्यानं आण, असा सल्ला देणारे भेटतातच. बाबुराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा घरी बनवला, १९२० साली 'सैरंध्री' सिनेमा काढला. आणि मी मुठी मुंबईहून आणू? (हे तोंडावर म्हणत नाही. गिऱ्हाईक असतात.)

आमची नवी पोरगी मात्र रडत बसली नाही. "ताई, मी करतो की परत," म्हणाली आणि बादली घेऊन पंचगंगेवर गेली. गाळ आणला, दोन किलो चहापत्ती उकळली. धोतरं टबात आहेत. सकाळी पिळून बघायची.

रजिस्टरात 'पूर १ ते ६' लिहिलेलं आहे. खोडलं नाही. पुढं पेन्सिलनं 'चहा' एवढंच लिहिलं.