ट्रिम्सचा डबा उघडताना

एडिटिंगमध्ये कापून ठेवलेल्या ३५ मिमी फिल्मच्या तुकड्यांचा, म्हणजे ट्रिम्सचा, जुना डबा हाती आला, की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस दर्प आला म्हणजे अ‍ॅसिटेट, म्हणजे फिल्मची प्लास्टिकची पट्टी, कुजू लागलंय. तो डबा लगेच वेगळा काढा, त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. मॅग्नेटिक साउंडचे, म्हणजे चुंबकीय थरावर आवाज भरलेल्या फिल्मचे, तुकडे सर्वांत आधी जातात, कारण लोहाच्या ऑक्साइडमुळे कुजणं वेग घेतं. आखडलेली फिल्म दातेरी चाकांवर चढवलीत तर छिद्रं फाटलीच म्हणून समजा. १९५०च्या आधीचा तुकडा नायट्रेटचा, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचाच धरून चाला आणि आग जवळपासही नको.

आता काठावरचे आकडे वाचा. ट्रिम्सची कुंडली तिथेच असते. आकडा दर फुटाला, म्हणजे १६ फ्रेम्सना, एकने वाढतो. निगेटिव्हचा एक तुकडा ४५२१६ अधिक ५ फ्रेम्सवर संपतो आणि पुढचा ४५२१९ अधिक २ वर सुरू होतो असं समजा. मधल्या ४४ फ्रेम्स गायब. सिमेंटच्या (फिल्म चिकटवायच्या द्रावाच्या) जोडासाठी दोन्ही टोकांना एकेक फ्रेम खर्ची पडली असेल, तर चित्रपटात गेलेला शॉट ४२ फ्रेम्सचा, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशोबाने पावणेदोन सेकंदांचा. म्हणून तुकडे 'सुंदर दिसतील' असे लावू नका, आकड्यांनी लावा. क्लॅप दिसणारा तुकडा तर सोन्याचा: सीन, शॉट, टेक सगळं एका फ्रेममध्ये.

गाण्यांच्या टेपचं तंत्र निराळं. रीळ उजेडासमोर धरा. कडेने प्रकाश आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट, नाही तर बहुधा पॉलिएस्टर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेप दमट हवेत चिकट होतात, यंत्राच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी राप धरतो आणि टेप किंचाळते. तिथेच थांबा. अशी टेप तापमान नेमकं राखणाऱ्या यंत्रात सुमारे ५४ अंश सेल्सिअसला आठेक तास शेकतात, पूर्ण थंड होऊ देतात आणि महिन्याभरात डिजिटल करून घेतात. घरचा ओव्हन नको, त्याचा काटा पाच-दहा अंशांनी सहज हुकतो. अ‍ॅसिटेट टेप मात्र कधीही शेकायची नाही.

जुन्या जोडपट्टीचा गोंद वाळून जोड सुटतात. सुटला की तिथेच नवी पट्टी लावा, वाजवण्याची घाई नको. डिजिटलमध्ये उतरवताना टेकआधीचा खोकला, 'टेक पाच'ची घोषणा, वादकांचं सूर जुळवणं काहीही छाटू नका. हा टेक कितवा आणि तो का मोडला, हे बहुतेकदा त्या दहा सेकंदांतच कळतं.