तुम्ही विचारलंत म्हणून: पेट्रोल एवढं महाग झालंय, मग गाडी कमी का नाही चालवत?

दर वाढल्याचा विषय निघाला आणि मी जरा तावातावाने बोलायला लागले, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, मग गाडी थोडी कमी चालवा की." नात्यातल्यांनी म्हटलंय, शेजारी म्हणालेत, कामावरही हेच ऐकलंय. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. एखादी वस्तू महागली की माणूस ती कमी घेतो, मग पेट्रोलचं वेगळं काय, असं त्यांना खरोखर वाटतं. दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देते आणि घरी आल्यावर मनाला लागून राहतं. म्हणून आज वही घेऊन बसले आहे.

घर ते कामाची जागा 18 किलोमीटर. जाऊन येऊन 36, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 900 किलोमीटर. दुचाकी लिटरला 45 देते असं धरलं तर 20 लिटर. यात बाजार नाही, दवाखाना नाही, कुणाकडे जाणंयेणं नाही. हा फक्त पोटामागे धावण्याचा रस्ता आहे. आता दर सव्वापट झाला असं समजा. पेट्रोलचा खर्च होता तेवढाच ठेवायचा तर मला 20 ऐवजी 16 लिटरमध्ये भागवावं लागेल. राहिलेल्या 4 लिटरचे 180 किलोमीटर होतात, आणि 180 किलोमीटर म्हणजे कामाचे पाच दिवस. "थोडी कमी चालवा" याचा माझ्या वहीतला अर्थ असा आहे: महिन्यातून पाच दिवस कामावर जाऊ नका. त्या पाच दिवसांचा पगार मला कोण देणार?

बसचं विचाराल. माझी पाळी सकाळी सातला सुरू होते आणि त्या बाजूची पहिली बस सातनंतर निघते. कामाजवळ घर घ्या म्हणाल, तर जिथे काम आहे तिथलं भाडं झेपत नाही आणि जिथलं भाडं झेपतं तिथे काम नाही. हे काही माझ्या एकटीचं रडगाणं नाही. फ्रान्समध्ये नोव्हेंबर 2018 मध्ये इंधनावरच्या वाढत्या कराविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली. प्रत्येक गाडीत ठेवावं लागणारं पिवळं जाकीट त्यांनी अंगात चढवलं होतं. त्यांच्यात मोठ्या शहरांपासून लांब, छोट्या गावांत आणि उपनगरांच्या कडेला राहणारे पुष्कळ होते, ज्यांना गाडीशिवाय कामावर पोचताच येत नाही. वाचताना वाटलं, हे आपलंच चाललंय.

दर बदलला की मागणी किती बदलते, याला अर्थशास्त्रात मागणीची लवचीकता म्हणतात. पेट्रोलची मागणी थोड्या काळात फारशी वाकत नाही. दर जितका चढतो, त्या मानाने वापर अगदी कमी घटतो. काही वर्षं हातात असली तर माणूस घर बदलतो, काम बदलतो, कमी इंधन पिणारी गाडी घेतो. पण पहिल्या तारखेला दर वाढला आणि तीस तारखेपर्यंत भागवायचंय, तर त्या तीस दिवसांत यातलं काय बदलता येणार?

जे करता येतं ते मी केलं. टायरमधली हवा दर आठवड्याला तपासते. वेग आवरला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 40 च्या जागी 60 ने गेलं की तो सव्वादोन पट होतो, हे कळल्यापासून रस्ता मोकळा असला तरी मूठ पिळत नाही. सिग्नलला इंजिन बंद करते. टाकी भरून, किलोमीटर टिपून, पुन्हा भरून तीन वेळा हिशेब केला. 45 चे 48 झाले. महिन्याला सव्वा लिटर वाचलं. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण हवे होते चार लिटर. बाकीचे पावणेतीन लिटर गाडीतून निघत नाहीत. ते घरातून निघतात.

ते घरातून कसे निघतात, तेच मला मुख्यतः सांगायचंय.

महिन्याच्या पगाराचे शंभर भाग करा. समजा त्यातले आठ भाग इंधनाला जातात. दर सव्वापट झाला की आठाचे दहा होतात. शंभरात दोन भाग वाढले, एवढ्यासाठी एवढी ओरड कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या शंभरातले पंच्याऐंशी भाग आधीच बांधलेले असतात. भाडं, हप्ता, फी, वीज, किराणा, आणि यातच ते इंधन. यातला एकही आकडा माझ्या सांगण्याने हलत नाही. मोकळे राहतात पंधरा. वाढीव दोन या पंधरातूनच जाणार. म्हणजे जिथे मला काही ठरवता येतं, त्या जागेचाच सातवा-आठवा हिस्सा गेला. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच दाखवलं होतं, की घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. बांधलेले भाग जास्त, मोकळे कमी. त्यामुळे पंपावरचा दर सगळ्यांना सारखा असला तरी एका घराला तो नुसता जाणवतो आणि दुसऱ्या घराचं काहीतरी तोडूनच जातो.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर "पुढच्या महिन्यात" असा एक रकाना आहे. आधी तिथे दोनतीन ओळी असायच्या, आता पान भरून मागे गेलंय. त्यात मुलाची पोहण्याची शिकवणी आहे. तो काही बोलला नाही, फक्त पिशवी कपाटात वर ठेवून दिली. गाडीची सर्व्हिसिंग आहे. ती लांबवली आणि गाडी लिटरमागे तीन किलोमीटर कमी द्यायला लागली, म्हणजे वाचवायला गेले आणि तेच पेट्रोलमध्ये घातलं. माझी एक दाढ आहे. किडीची सुरुवात होती, भरून घ्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. आठ महिने पुढे ढकललं. शेवटी रात्रभर ठणका लागला तेव्हा गेले, तर रूट कॅनाल आणि वर टोपी. आधीच्या खर्चाच्या कितीतरी पट. हे पैसे कुठल्याच हिशेबात "इंधन" म्हणून धरले जाणार नाहीत. पण माझ्या वहीत मला त्यांचा माग काढता येतो, ओळीओळीने, थेट पंपापर्यंत.

म्हणूनच "वापर कमी करा" हे ऐकलं की मला त्रास होतो. कमी तर केलंच आहे. फक्त पेट्रोल नाही, बाकी सगळं.

दुसरा प्रश्न याला जोडूनच येतो: अहो, पण मध्ये तेल स्वस्तही झालं होतं ना? झालं होतं. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतल्या वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या तारखेला घ्यायच्या मालाचे सौदे आधीच होतात तिथे, कच्च्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला, पिंपामागे उणे 37.63 डॉलर. मे महिन्याच्या सौद्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, साठवणुकीच्या टाक्या भरत आल्या होत्या, आणि ज्यांच्या हाती सौदे होते त्यांना तेल ठेवायला जागा नव्हती. पिंप 159 लिटरचं असतं. पण मी पंपावर जे घेते ते कच्चं तेल नाही. त्यात शुद्धीकरण आहे, वाहतूक आहे, विक्रेत्याचं कमिशन आहे आणि कर आहे. जिथे कर लिटरमागे ठरावीक रकमेचा असतो, तिथे खालचं तेल कितीही स्वस्त झालं तरी तो भाग जागचा हलत नाही. शिवाय चढताना आणि उतरताना दर एकाच वेगाने चालत नाहीत. रॉबर्ट बेकन या अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या दरांचा अभ्यास 1991 मध्ये मांडला, तेव्हा त्याने रॉकेट आणि पिसं अशी उपमा दिली: वर जातात रॉकेटसारखे, खाली येतात पिसांसारखे. पुढे इतरांनीही अनेक बाजारांत हेच तपासलं, आणि बऱ्याच ठिकाणी तसंच आढळलं.

आणि पंपावरचा दर उतरला, तरी त्याच्यामुळे चढलेलं बाकीचं उतरतं का? ट्रक डिझेलवर चालतो. नत्राच्या खतांसाठी लागणारा अमोनिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून करतात, म्हणजे इंधनाची महागाई शेतात पेरणीच्या वेळीच पोचलेली असते. रिक्षाचं भाडं, शाळेच्या गाडीचे पैसे, घरपोच सामानाचा आकार, हे सगळं एकदा वाढलं की वाढलं. माझ्या वहीत गेल्या नऊ वर्षांत शाळेच्या गाडीचे पैसे पाच वेळा वाढलेत, एकदाही कमी झालेले नाहीत. त्या गाडीच्या चालकाला मी दोष देत नाही. त्याच्याही घरी अशी एक वही असणार.

मला राग कशाचा येतो ते सांगते. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलाची निर्यात रोखली आणि काही महिन्यांतच पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून जवळजवळ बारा डॉलरवर गेला. तेव्हा नेदरलँड्सने नोव्हेंबरपासून काही रविवार गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली. मोकळ्या महामार्गावर माणसं चालत होती, सायकली चालवत होती. त्रास झालाच असणार, पण अडचण सगळ्यांची आहे असं मानून ती सगळ्यांत वाटून घेतली होती. 2022 मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर दर कडाडले, तेव्हा जर्मनीने जून ते ऑगस्ट असे तीन महिने 9 युरोत महिनाभर स्थानिक आणि प्रादेशिक बस-रेल्वेने कितीही फिरता येईल असं तिकीट काढलं. गाडी कमी चालवा असं नुसतं सांगितलं नाही, दुसरं वाहन हातात दिलं. तीनच महिने का, असं कुणी विचारू शकेल, आणि ते बरोबरच आहे. पण मला निदान अशा भाषेत कुणीतरी बोलावं असं वाटतं. माझ्या वेळेला एक बस सोडा, मी उद्या किल्ली खुंटीला टांगते.

आता आईचं. ते शेवटी सांगावं असं ठरवलं होतं, कारण त्यावर बोलताना माझा आवाज नीट राहत नाही. आई एकटी राहते, इथून 60 किलोमीटरवर. दर पंधरा दिवसांनी जायचे. परतीची शेवटची बस दुपारीच निघते, म्हणून गाडीनेच. मग दर वाढले तसं महिन्यातून एकदा झालं, मग दीड महिन्यावर गेलं. मी काही बोलले नव्हते. तिनेच एकदा फोनवर म्हटलं, "अगं, नको येऊस एवढ्यात. पेट्रोल किती लागतं. मी बरी आहे." ती बरी नव्हती, गुडघा सुजला होता, ते मला तीन आठवड्यांनी शेजारणीकडून कळलं. वहीत त्या महिन्यात अडीच लिटर वाचल्याची नोंद आहे. माझ्याच अक्षरात.

गेल्या महिन्यात मी "आई" ही नोंद शेवटच्या पानावरून उचलून पुढे आणली. भाडं, हप्ता, फी, आई. महिन्याला दोन फेऱ्या, पाच लिटर. त्या बदल्यात मागच्या पानावर माझा चष्मा गेला. नंबर वाढलाय, पण काही महिने निभेल. येत्या दुसऱ्या शनिवारी उन्हं चढायच्या आत निघणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर नको म्हणेल.